पंचांचा पेला

१

पंचांनी पेला एका दमात संपवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि उशीवर डोकं टेकून डोळे मिटले. लेकीनं त्यांचा हात हातात घेतला. धाकटा भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टरबाई आणि त्यांच्या मागं सिस्टर. आता झोप लागणार आणि झोपेतच सगळं शांत होणार, म्हणून सगळे वाट पाहत होते.

झोप काही लागेना. बऱ्याच वेळानं पंचांनी एक डोळा उघडला आणि विचारलं, "अजून किती वेळ बसायचं असं?"

पुढं मला त्या खोलीतल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं हकीकत सांगितली, पण या वाक्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. लेक म्हणे हसता हसता रडायला लागली. डॉक्टरबाईंनी पंचांची नाडी पाहिली, मग रिकामा पेला नाकाशी धरला. औषधाला उग्र वास असतो. पेल्याला तो नव्हता.

"हे औषध नाही," त्या म्हणाल्या. "हे तालमीचं पाणी आहे."

म्हणजे पंच जिवंत होते आणि एका माणसाला कायमचं झोपवील एवढं औषध त्या घरातून बेपत्ता होतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसून शोधाशोध केली असती. या बाईंनी तिथल्या तिथं वैद्यक परिषदेला फोन केला आणि स्वतःविरुद्ध स्वतःच तक्रार नोंदवली. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण धोंडा इतका नेम धरून पाडणारी ही पहिलीच.

आमच्याकडं हा कायदा अजून तात्पुरता आहे. दुखणं असह्य असेल, बरं होणारं नसेल आणि माणसानं शुद्धीत, पुन्हा पुन्हा मागितलं, तर डॉक्टरनं मरणाचं औषध द्यायचं. माणसानं ते स्वतःच्या हातानं घ्यायचं. डॉक्टरबाईंनी अर्धं आयुष्य भांडून ही परवानगी मिळवली होती. ती पुढं चालू ठेवायची की गुंडाळायची याचा निकाल परिषद दुसऱ्याच दिवशी देणार होती. औषधाचा पत्ता लागला नाही, तर बाईंची नोंदणी जाणार आणि तिच्यामागोमाग कायदाही.

परिषदेला चौकशीला बाहेरचा माणूस हवा होता. त्यांनी मला बोलावलं. मी निवृत्त फौजदार. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

२

दवाखान्याच्या दारावरच्या पाटीला कुणीतरी काळं फासलं होतं. बाईंनी ते फक्त आपल्या नावापुरतं खरवडलं होतं, बाकी तसंच.

"सगळं का नाही पुसलं?" मी विचारलं.

"पुन्हा फासतात. नाव वाचता आलं की झालं." त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. "माझ्याबद्दल तुमचं मत काय, ते आधी सांगा."

"मत मी निवृत्त होताना टोपीबरोबर जमा केलं. औषध कुठंय?"

"माहीत असतं तर तुम्हाला जिने चढायला लावले असते का?"

बाई मूळच्या फुप्फुसाच्या डॉक्टर. श्वासासाठी धडपडणारी माणसं बघत केस पांढरे झालेले. "त्यांतले बहुतेक जगायला धडपडत होते," त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्यासाठी मी जिवाचं रान केलं. पण काहीजण हात जोडून म्हणायचे, बाई, आता पुरे. त्यांना मी काय देत होते? धीर! धीर म्हणजे आपण हात झटकून मोकळं होणं. ते मला जमेना."

मग त्यांनी आपली रीत समजावून सांगितली. औषध जहाल कडू असतं. उलटी झाली तर हाल होतात, म्हणून आधी तालीम घ्यायची. तसंच कडू पण निरुपद्रवी पाणी प्यायला लावायचं. आणि खऱ्या दिवशी एकांत.

"एकांत म्हणजे?"

"औषध मी समोर पेल्यात ओतते. मग सगळे बाहेर, मीसुद्धा. दार लोटून घ्यायचं. आत माणूस आणि पेला, दोघंच. चार माणसांदेखत 'नको' म्हणणं फार अवघड असतं हो. लेक रडून डोळे सुजवून बसलेली, डॉक्टर सगळी कामं टाकून आलेला. म्हणून तो वेळ निव्वळ त्याचा. नंतर सगळ्यांना आत बोलावून मी शेवटचं विचारते, नक्की? पंच म्हणाले, नक्की."

"पेला कुठं ठेवला होता?"

"त्यांच्या मांडीवर. आडवा पाट असतो ना, पलंगावर जेवायचा, त्यावर. त्यांचे हात लांबवर पोचत नाहीत. बाहेरच्यांना आत बोलवायला मी दार उघडलं, तेव्हा पेला त्यांनी हातात घेतलेला होता. पाट मी उचलून कपाटाआड ठेवला, मग बाकीचे आले."

"आणि एकांताच्या वेळी खोलीला दुसरी वाट?"

बाईंचा चेहरा उतरला. "गॅलरीचं दार आणि न्हाणीघराचं दार. गॅलरीत त्यांचा भाऊ होता, न्हाणीघरात सिस्टर हात धूत होती. लेक स्वयंपाकघरात होती म्हणे, पण तिथूनही न्हाणीघरात जाता येतं."

छान! एकांत कसला, तो तर चव्हाटा होता.

मी उठले तशा त्या म्हणाल्या, "एक विनंती. पंचांना फार छळू नका. त्यांचं सगळं संपलेलं होतं, निरोप घेऊन झाले होते. कुणीतरी त्यांच्या तोंडचं मरण पळवलंय."

३

पंच म्हणजे फुटबॉलचे पंच. उभी हयात मैदानावर शिट्टी वाजवण्यात गेली. आता स्नायूंच्या दुखण्यानं पाय पूर्ण गेले होते, हात जायच्या वाटेवर होते. पण नजर अशी, की मी खोलीत पाऊल टाकल्याबरोबर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

"मी डोळे मिटून पडलो होतो," ते म्हणाले. "काही पाहिलं नाही."

"काहीच नाही?"

"सांगितलं ना! पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न नव्हता. मी खोली पाहिली. पलंगाच्या एका कडीला लघवीचं भांडं अडकवलेलं, दुसरीला त्यांची मैदानावरची जुनी पाण्याची बाटली, नळी असलेली. ती रिकामी होती. मी बाटलीचं तोंड उघडून तळाचा थेंब जिभेला लावला. अरे देवा! कारल्याच्या सात पिढ्या त्यात उतरल्या होत्या.

सिस्टरला न्हाणीघरात गाठलं. बाटली दाखवताच तिचा बांध फुटला.

"माझंच चुकलं! तालमीचं उरलेलं पाणी ओतून टाकायचा नियम आहे. पण पंच म्हणाले, सिस्टर, राहू द्या, मी एकटा अजून सराव करतो. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यांच्याच बाटलीत भरून दिलं. बाईंना सांगितलं नाही. मला नोकरीवरून काढतील हो!"

"घरात कुणाकुणाला माहीत होतं?"

"बाटली समोरच तर लटकत होती."

लेक स्वयंपाकघरात तीच ती बशी पुन्हा पुन्हा पुसत होती. मी म्हटलं, "आनंद झालाय का वाईट वाटतंय?"

"दोन्ही होतंय, आणि दोन्हीची लाज वाटतेय." तिनं बशी ठेवली. "फौजदारबाई, ज्यानं कुणी केलं असेल ना, त्याच्या मी पाया पडेन. पण बाबांना पुन्हा एकदा निरोप द्यायचं बळ माझ्यात नाही."

"नंतर खोलीतलं काय काय हलवलंस?"

"काहीच नाही. लघवीचं भांडं तेवढं ओतून धुतलं, ते तर रोजचंच."

फडताळात औषधांची कप्प्याकप्प्यांची डबी होती, वाराप्रमाणं. मी सहज विचारलं, तर ती म्हणाली, "रक्तदाबाच्या गोळ्या. तारीख ठरली आणि बाबांनी त्या बंद केल्या. म्हणाले, आता रक्तदाबानं मरायची भीती कुणाला! डबी आज सकाळी मीच त्यांच्या उशाकडून उचलून इथं ठेवली. मी नंतर उघडूनही पाहिली नाही."

मी उघडून पाहिली. आठवड्याच्या सुरुवातीचे कप्पे भरलेले होते. त्यापुढचे, अगदी आजचासुद्धा, रिकामे होते. डबी बंद करून मी जागच्या जागी ठेवली आणि तिला काही बोलले नाही.

एवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "कुणाला छळू नका! औषध मी बदललं!"

दारात पंचांचा धाकटा भाऊ उभा होता.

४

भाऊ वकील. या कायद्याविरुद्ध परिषदेपुढं जो अर्ज होता, तो त्याचाच. डॉक्टरबाईंना तो उघड उघड 'यमाची वकिलीण' म्हणायचा. त्या एकदा म्हणाल्या होत्या म्हणे, "निदान माझा अशील वेळेवर येतो."

"काका!" लेकीनं हातातलं फडकं टाकलं आणि खरंच त्याच्या पायाशी वाकली. त्यानं तिला उठवलं. त्याचे डोळे भरले होते. हे नाटक नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते.

"दादा आणि मी वर्षानुवर्षं बोलत नव्हतो," तो मला म्हणाला. "कशावरून, ते आता दोघांनाही धड आठवत नाही. तारीख ठरल्याचं कळलं आणि मी रोज यायला लागलो. रोज भांडायचो. तू भेकड आहेस म्हणायचो. तो मला कोर्टातला पोपट म्हणायचा. ऐकेना, तेव्हा हे केलं. जीव वाचवला. करा अटक!"

"कसं केलंत ते सांगा."

"गॅलरीतून आत आलो. दादाचे डोळे मिटलेले होते. उशालगतच्या टेबलावरून पेला उचलला, औषध गॅलरीतल्या कुंडीत ओतलं, न्हाणीघरातून पाणी भरून पेला परत ठेवला."

"पाणी कसलं?"

"नळाचं. आणखी कसलं असणार?"

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "नळाच्या पाण्यानं तुमच्या दादांनी तोंड असं केलं?" आणि मी करून दाखवलं. माझं तोंड मुळातच तसं आहे, त्यामुळं सोपं गेलं. "पेल्यात कडू पाणी होतं. आणि पेला टेबलावर नव्हताच. तो पंचांच्या मांडीवरच्या पाटावर होता. तुम्ही आत आलात तेव्हा पाट उचलून झाला होता, म्हणून तुम्हाला माहीत नाही. तुम्ही काही केलेलं नाही. तुम्हाला नुसतं वाटतंय, की केलं असतं तर बरं झालं असतं."

तो मटकन खुर्चीत बसला. "मी गॅलरीत नुसता उभा होतो," तो पुटपुटला. "हात गजाला धरून. माझ्याच्यानं आत पाऊल टाकवेना. एवढी वर्षं गमावली, आणि त्या वेळीही नुसता उभा."

लेकीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी पंचांच्या खोलीत गेले आणि दार आतून लावून घेतलं.

५

"पंच," मी पलंगाशेजारी बसत म्हटलं, "एकदा दिलेला निर्णय कधी फिरवलात?"

"कधीच नाही. एकदा गोल नव्हता तरी दिला. लोकांनी बाटल्या फेकल्या. दिला तो दिला. शिट्टी वाजली की वाजली."

"चूक आहे हे कळल्यावरसुद्धा?"

"पंचानं शब्द फिरवला की खेळ संपतो."

"मग मी वाजवते शिट्टी, बघा पटते का. पेला तुमच्या मांडीवर. तो उचलायला, ओतायला, भरून पुन्हा ठेवायला कुणालाही तुमच्या छातीवरून वाकावं लागणार. तुमच्या गुडघ्यांवर तो पाट हलणार. आणि जन्मभर बघण्याचंच काम केलेला माणूस म्हणतो, काही पाहिलं नाही. हे जमत नाही. दुसरं, मरायला निघालेला माणूस रक्तदाबाची गोळी घेत नाही. तुम्ही परवा परवापासून गुपचूप घ्यायला लागलात. आजसुद्धा घेतलीत. या खोलीत बाहेरून कुणी आलंच नाही. औषध तुम्ही लघवीच्या भांड्यात ओतलंत, बाटलीतलं कडू पाणी पेल्यात घेतलंत. लेकीनं भांडं धुतलं आणि औषध गटारात गेलं."

पंचांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हात फार थरथरत होते," ते म्हणाले. "सांडतंय की काय, याची भीती. मरायची नव्हती, बरं का. सांडायची!"

"मग सरळ 'नको' का नाही म्हणालात? बाईंनी त्यासाठीच तर एकटं सोडलं होतं."

"कसं म्हणू? त्या बाईनं माझ्यासाठी किती खाल्ले टक्केटोणपे! वर्तमानपत्रात माझा फोटो, त्यांच्या शेजारी. पाटीला काळं फासलं ते माझ्या अर्जानंतर. आणि मी ऐन वेळी म्हणू, बाई, राहू द्या? मला वाटलं, औषध वाया गेलं, लागू पडलं नाही, असं म्हणतील. सामना रद्द झाला की कुणी हरत नाही. त्यांच्यावर बालंट येईल हे डोक्यातच आलं नाही हो."

"आणि मन का फिरलं?"

"तो गाढव," ते म्हणाले. "रोज यायचा भांडायला. मी रात्री पडल्या पडल्या उद्याची उत्तरं जुळवायचो. अमुक म्हणाला तर तमुक म्हणीन. मग एकदा ध्यानात आलं, मी सकाळची वाट बघतोय. पण त्याला हे कळता कामा नये! जन्मभर डोक्यावर बसेल. फौजदारबाई, हे बाहेर जायचं नाही. मी दिलेला शब्द मी चार लोकांत फिरवणार नाही."

"मग बाई बुडाल्या."



६

मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या खिडकीशी उभ्या होत्या. आधी त्यांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. मग त्या वळल्या.

"अहवालात एवढंच लिहा, औषध नष्ट झालं. कुणी केलं ते लिहू नका."

"वेड लागलंय का? परिषद विचारणार. तुमची नोंदणी जाईल."

"जाऊ दे. गुपचूप 'नको' म्हणायचाही त्यांना हक्क आहे. मी त्यांना साक्षीला ओढलं, तर पुढचा माणूस 'नको' म्हणायला दहा वेळा घाबरेल."

"आणि कायदा गेला तर? जे वाट बघत पडलेत, हात जोडताहेत, त्यांचं काय?"

हा घाव वर्मी बसला. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "पुन्हा पहिल्यापासून भांडेन," त्या म्हणाल्या. बाई आपल्या म्हणण्यावरून हलल्या नाहीत. "आधी कुठं सोपं होतं?"

मला या बाईचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, की मी तशीच परत पंचांकडं गेले आणि ती जे बोलली ते शब्दाला शब्द त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आता जा तुम्ही." मी गेले.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलेलं. अध्यक्षांनी मला विचारलं, औषध कुठं गेलं. मी म्हटलं, नष्ट झालं. कुणी केलं? मी गप्प. डॉक्टरबाई गप्प. सभागृहात कुजबुज सुरू झाली आणि अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढणारा अध्यक्ष मला चांगला माहीत आहे, पुढं वाईट बातमी असते.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. चाकाच्या खुर्चीत पंच होते. खुर्ची लेक ढकलत होती.

"मी केलं," ते म्हणाले. आवाज बारीक, पण मैदानावरचा. "मला मरायचं नव्हतं आणि सांगायची लाज वाटली. बाईंचा दोष नाही. मी निर्णय मागं घेतो. आयुष्यात पहिल्यांदा घेतोय, कुणी बाटली फेकायची असेल तर फेकून घ्या."

भाऊ ताडकन उठला. रडत होता आणि ओरडतही होता. "ऐकलंत? हाच पुरावा! माणसाला जगायचंच असतं! बंद करा हा कायदा!"

"खाली बस, पोपटा!" पंच गरजले. "मला आज जगायचंय. उद्याचं मी उद्या ठरवीन. तेव्हा कायदा नको का जागेवर?"

अध्यक्ष डॉक्टरबाईंकडं वळले. "म्हणजे तुमची पद्धत फसलीच की."

"चुकले मी, हो," बाई उठून म्हणाल्या. "घरच्यांचं दडपण दूर करायला मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. माझं स्वतःचं दडपण मात्र आतच राहिलं, ते मला दिसलं नाही. आजपर्यंत विचारत होते, नक्की ना? यापुढं आधी विचारीन, माझ्यासाठी तर घेत नाही ना? पण पद्धत फसली म्हणू नका. पेला त्यांच्या हातात होता, माझ्या नव्हता. म्हणून ते आज इथं बसलेत."

निकाल संध्याकाळी लागला. परवानगी कायम झाली, बाईंची नोंदणी राहिली. बाईंनी स्वतःच आग्रह धरला, म्हणून त्यांचा तो प्रश्न नियमांत लिहिला गेला. सिस्टरला समज देऊन सोडलं.

बाहेर पायऱ्यांपाशी दोघे भाऊ भांडत होते. खुर्ची डावीकडून उतरवायची की उजवीकडून, हा वाद. डॉक्टरबाई त्यांच्याजवळ गेल्या. भाऊ जरा बाजूला झाला. मी मात्र झाले नाही. चौकशी संपली तरी कान कुठं बंद होतात!

"आता निकाल लागलाय, म्हणून सांगते," बाई पंचांना म्हणाल्या. "पेला ओततानाही माझ्या मनात एकच होतं. तुम्ही जगावं असं मला फार वाटत होतं. फार."

पंच उसळून म्हणाले, "मग आधी बोलायचं होतंत की! एवढा खटाटोप वाचला असता."

"आधी बोलले असते, तर निर्णय तुमचा राहिला नसता."

पंचांनी मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "आणि पुढं कधी मी खरंच बोलावलं, तर याल?"

"येईन."

"तेव्हा हे पुन्हा सांगाल?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हाही मला हेच वाटत असेल. पण मी काही बोलणार नाही."